दफ्तर कोणी वाचावें? मराठवाड्यांतील सरकारी नोंदी आणि संगणक

१

औरंगपुरा हा छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचें औरंगाबाद, या शहराच्या बावन्न पुऱ्यांपैकीं एक पुरा होय. भाजीमंडई, पुस्तकांचीं दुकानें, सरस्वती भुवन संस्थेचें महाविद्यालय आणि जिल्हा परिषद यांमुळें येथें खेड्यापाड्यांतील माणसांची दिवसभर वर्दळ असते. गेल्या कांहीं वर्षांत या वर्दळींत एक नवें दृश्य आढळूं लागलें आहे. सरकारी संकेतस्थळावरून छापून घेतलेला मोडी किंवा उर्दू कागद हातीं धरून लोक वाचकाच्या शोधांत फिरतात. पूर्वीं मोडी कागद वाचून घेण्यास येणारा मनुष्य बहुधा संशोधक तरी असे किंवा वतनाचा दावेदार तरी. आतां शाळेंत जाणाऱ्या मुलाचा बाप येतो.

असेच एक गृहस्थ प्रस्तुत लेखकाकडे आले होते. त्यांजपाशीं गांवच्या एका जुन्या नोंदवहीच्या पृष्ठाची संगणकीय प्रत होती. पृष्ठ मोडी होतें, अक्षर वळणदार होतें, आणि त्यांच्या पणजोबांचें नांव त्यांत स्वच्छ होतें. परंतु पृष्ठावर गांवाचें नांव नव्हतें आणि साल नव्हतें. ज्या कचेरींत त्यांनीं हा कागद नेला तेथें, गांव आणि साल नसलेला कागद घेतां येत नाहीं, असें उत्तर मिळालें. उत्तर नियमास धरून होतें, परंतु गृहस्थांची अडचण त्यानें सुटत नव्हती. जुन्या वह्यांचा ज्यांस परिचय आहे त्यांस या प्रकाराचा उलगडा तत्काळ होईल. कुलकर्णी मथळा पहिल्या बंदावर घालतो; पुढील बंदांवर तो पुन्हा लिहीत नाहीं. त्याच संचांतील तीन पृष्ठें मागें गेल्यावर गांव सांपडलें, आणि सालही सांपडलें. तें फसली होतें.

प्रसंग लहान आहे. तथापि त्यांत एका मोठ्या प्रश्नाचें बीज आहे. सरकारनें नोंदी संगणकावर आणल्या म्हणजे त्या रयतेच्या हातीं आल्या, असा समज सध्यां सर्वत्र दिसतो. हा समज कितपत खरा आहे, तें या प्रांताच्या दफ्तरांच्या इतिहासावरून पाहावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

२

मलिक अंबरानें १६१० सालीं खडकी वसविली. तिचेंच पुढें औरंगाबाद झालें. जमिनीचा मगदूर पाहून धारा ठरविण्याची त्याची पद्धति गांवच्या पाटील-कुलकर्ण्यांच्या आधारावर उभी होती. १६५२ सालीं औरंगजेबाची दख्खनच्या सुभेदारीवर दुसऱ्यांदा नेमणूक झाली, आणि त्याच्या कारकीर्दींत दिवाण मुर्शिदकुलीखान यानें वसुलाची नवी घडी बसविली. सरबस्ता म्हणजे नांगरामागें ठराविक रक्कम, बटाई म्हणजे पिकाची वांटणी आणि जरीब म्हणजे प्रत्यक्ष मोजणी, अशा तीन रीति त्यानें निरनिराळ्या मुलखांस लावल्या. मोजणीची दोरी तो कधीं कधीं स्वतः हातीं धरीत असे, असें त्याच्याविषयीं सांगतात. दिवाणासारख्या अधिकाऱ्यानें शेतांत उभें राहून दोरी धरावी याचें कारण आमच्या मतें उघड आहे. मोजणींत झालेली चूक एकदां दफ्तरांत शिरली म्हणजे ती पिढ्यान् पिढ्या निघत नाहीं. दफ्तर शेताहून दूर असतें. म्हणून जी काळजी घ्यावयाची ती शेतांतच घेतली पाहिजे.

मोगल दफ्तरांत केवळ जमिनीची नोंद नव्हती, तर माणसांचीही होती. दख्खनच्या मोगल कागदांत अर्ज-ओ-चेहरा या नांवाचे बंद पुष्कळ आहेत. मनसबदाराच्या पदरच्या स्वाराचें नांव, बापाचें नांव, जात, वर्ण, कपाळ, डोळे, तीळ आणि व्रण यांचें वर्णन त्यांत असतें, आणि घोड्याचा डागही नोंदलेला असतो. एकाच्या जागीं दुसरा स्वार उभा करून पगार उचलला जाऊं नये, एवढाच त्याचा उद्देश होता. २९ सप्टेंबर २०१० रोजीं आपल्याच नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली या गांवीं देशांतील पहिला आधार क्रमांक देण्यांत आला, तेव्हां चेहऱ्याच्या या जुन्या बंदाचेंच एक नवें रूप जन्मास आलें असें म्हणतां येईल. बोटांचे ठसे आणि डोळ्यांतील बुबुळांची रचना यांनीं आतां तिळाची आणि व्रणाची जागा घेतली आहे. फरक इतकाच कीं, चेहऱ्याच्या बंदांत स्वाराची ओळख पटली नाहीं तर समोर बक्षीचा कारकून होता, आणि त्याच्याशीं बोलतां येत असे. शेतकऱ्याच्या बोटांच्या रेषा कष्टानें झिजलेल्या असल्या आणि यंत्रानें त्याला ओळखलें नाहीं, तर यंत्राशीं बोलतां येत नाहीं. तेथें माणूस असावाच लागतो.

३

दफ्तर राजधानीमागें जातें, असा एक अनुभव आहे. १७६३ सालीं निजामअलीनें राजधानी औरंगाबादेहून हैद्राबादेस नेली. औरंगाबादच्या किल्ले अर्कांत राहिलेले मोगल कागदही पुढें हैद्राबादच्या दफ्तर-इ-दिवानींत गेले, आणि त्यांपैकीं शहाजहानच्या कारकीर्दींतील निवडक कागद १९५० सालीं तेथूनच प्रसिद्ध झाले. ज्या मुलखाची नोंद त्या मुलखांतच नाहीं, अशी ही स्थिति आहे.

कागद कसा नाहींसा होतो आणि कसा वांचतो, याचें उत्तम उदाहरण याच शहरांत घडलें. मआसिर-उल-उमरा या चरित्रकोशाचा कर्ता शाहनवाजखान हा औरंगाबादेस राहात असे. १७५८ सालीं त्याचा खून झाला, त्याचें घर लुटलें गेलें, आणि ग्रंथाचीं हस्तलिखित पानें पांगलीं. त्याचा स्नेही आझाद बिलग्रामी यानें तीं शोधून पुन्हा जुळविलीं. एका माणसाच्या चिकाटीनें मोगल इतिहासाचें एक मुख्य साधन आज आपणांस उपलब्ध आहे. आझादानें केवळ पानें गोळा केलीं असतीं तर ग्रंथ झाला नसता. कोणतें पान कोणत्या पानामागें येतें हें त्याला ठाऊक होतें, म्हणून ग्रंथ झाला. ही गोष्ट वाचकांनीं मनांत ठेवावी. पुढें तिचा उपयोग आहे.

निजामी अमदानींतील नोंदींवर भाषांचे थर चढलेले आहेत. वरची कचेरी प्रथम फारशींत लिही. १८८४ च्या सुमारास फारशीची जागा उर्दूनें घेतली. गांवचा कुलकर्णी मात्र मराठींत आणि मोडी लिपींतच लिहीत राहिला. त्यामुळें एकाच शेताची नोंद तीन वळणांत सांपडते. सालाचाही असाच प्रकार आहे. दख्खनचा फसली सन शहाजहानच्या काळीं, हिजरी १०४६ म्हणजे इ. स. १६३६ हें साल धरून सुरू झाला. म्हणून फसली सालांत महिना पाहून ५९० किंवा ५९१ मिळविले म्हणजे इसवी साल येतें. आझुर, दय, बहमन अशीं इराणी महिन्यांचीं नांवें हैद्राबादच्या कागदांत येतात, तीं ज्यास ठाऊक नाहींत त्याची मिति चुकते. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं मराठवाडा मुक्त झाला, त्यानंतर निघालेल्या हक्कनोंदणीच्या कायद्याचें सालसुद्धां १३५८ फसली असेंच आहे. १९५४-५५ चें खासरा पाहणी पत्रक हें या भागांतील जमिनीच्या वादांत आजही आधार म्हणून पुढें येतें. जो कारकून किंवा जो यंत्रवाचक या थरांशीं अपरिचित आहे, त्याच्या हातून १३५८ हें साल चौदाव्या शतकांत जाऊन पडणें अशक्य नाहीं.

४

आतां संगणकीय सातबाऱ्याकडे वळूं. परंतु तत्पूर्वीं चावडीची आठवण केली पाहिजे. मराठ्यांच्या राज्यांत वतनाचा तंटा पडला म्हणजे गोतसभा बसे. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, बलुते आणि शेजारच्या गांवचे लोक जमत, साक्षी होत आणि महजर होई. ज्यास लिहितां येत नसे तो आपली निशाणी करी. पाटलाचा नांगर हा त्यांतील सर्वांच्या परिचयाचा. महजराचें बळ त्याच्या कागदांत नव्हतें, तर तो चारचौघांसमक्ष वाचला गेला आणि त्यावर आक्षेप घेण्याची संधि सर्वांस मिळाली, यांत होतें. बनावट महजर झाले नाहींत असें नाहीं; तथापि बनावट ओळखण्याचें साधनही तेंच होतें, म्हणजे सभा.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, हिनें हेंच तत्त्व निराळ्या शब्दांत राखलें आहे. फेरफाराची नोंद झाली म्हणजे तिची प्रत चावडींत लावावयाची, हितसंबंधी लोकांस लेखी कळवावयाचें, कोणी हरकत घेतल्यास ती वादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहींत घ्यावयाची, आणि मग नोंद मंजूर करावयाची, असा क्रम कलम १५० मध्यें आहे. लेखनांतील चूक दुरुस्त करण्याची तरतूद कलम १५५ मध्यें आहे.

हस्तलिखित सातबारा संगणकांत भरला गेला तेव्हां नकलेचा जुना रोग नव्या शरीरांत शिरला. क्षेत्राचा आंकडा बदलला, नांवांत अक्षर गळलें, एखादा भाऊ खात्यांतून सुटला. नक्कलनविसांच्या चुका ज्यांनीं पाहिल्या आहेत त्यांस याचें आश्चर्य वाटणार नाहीं. आश्चर्य आणि समाधान वाटावें अशी गोष्ट पुढेंच आहे. या चुका शोधण्यासाठीं सरकारला शेवटीं चावडीकडेच यावें लागलें. २०१७ सालीं गांवोगांव चावडी-वाचन करण्यांत आलें. संगणकांतील सातबारा गांवकऱ्यांसमोर मोठ्यानें वाचावा, ज्याची हरकत असेल त्यानें ती तेथेंच सांगावी आणि त्याप्रमाणें मूळ हस्तलिखिताशीं ताडून दुरुस्ती करावी, अशी ती योजना होती. त्यानंतर १ मे २०१८ पासून संगणकीय स्वाक्षरीचा सातबारा लोकांस घरबसल्या मिळूं लागला. पूर्वीं एका उताऱ्यासाठीं तलाठ्याची वाट पाहात सज्जावर दोन दोन खेपा घालाव्या लागत. ती पायपीट पुष्कळ अंशीं वांचली. २०२१ सालापासून शेतकरी आपल्या पिकाची नोंद भ्रमणध्वनीवरून स्वतः करूं लागला, त्यास ई-पीक पाहणी म्हणतात. पूर्वीं पाहणी पत्रकांत पीक लिहिणारा तलाठी असे; आतां शेताचा धनी लिहितो. मुर्शिदकुलीखानाची दोरी शेतकऱ्याच्या हातीं आली असें म्हटलें तर तें फारसें चूक होणार नाहीं. हा लाभ मोठा आहे, आणि तो मोकळेपणानें मान्य केला पाहिजे.

तथापि संगणकीय स्वाक्षरी म्हणजे काय, याविषयीं संशोधकांच्या मनांत गोंधळ असूं नये. ती शिक्कामोर्तबाची वंशज आहे. कागदांतील एक अक्षर बदललें तरी ती जुळत नाहीं; म्हणून उतारा कचेरींतून जसा निघाला तसाच आहे, एवढें तिच्यावरून निश्चित ठरतें. उताऱ्यांतील मजकूर खरा आहे, हें तिच्यावरून ठरत नाहीं. शिक्का अस्सल असून सनदेंतील हकीकत खोटी असलेले कागद आपल्यापैकीं प्रत्येकानें पाहिले आहेत. कागद अस्सल आहे काय हा एक प्रश्न, आणि त्यांतील मजकूर सत्य आहे काय हा दुसरा. पहिल्याचें उत्तर यंत्र देतें. दुसऱ्याचें उत्तर चावडीच देऊं शकते.

५

या सर्व गोष्टींची खरी कसोटी २०२३ सालीं लागली. त्या वर्षींच्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस जालना जिल्ह्यांतील अंतरवाली सराटी येथें मराठा आरक्षणासाठीं उपोषण सुरू झालें. ७ सप्टेंबर २०२३ रोजीं सरकारनें निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. मराठवाड्यांतील ज्या कुटुंबांच्या निजामकालीन नोंदींत कुणबी असा उल्लेख असेल त्यांस दाखला देण्याची कार्यपद्धति ठरविणें हें तिचें काम होतें. पुढें तिचें क्षेत्र सर्व राज्यापुरतें वाढविण्यांत आलें. २ सप्टेंबर २०२५ रोजीं हैद्राबाद गॅझेटियरचा आधार घेण्याविषयीं आणि त्यासाठीं गांवपातळीवर समित्या नेमण्याविषयीं शासन निर्णय निघाला. या निर्णयांस इतर मागासवर्गीयांच्या संघटनांनीं आक्षेप घेतले आणि प्रकरण न्यायालयांतही गेलें. त्या वादाच्या गुणदोषांत शिरण्याचें येथें प्रयोजन नाहीं. दफ्तराच्या दृष्टीनें काय घडलें, एवढेंच आपणांस पाहावयाचें आहे.

घडलें तें असें कीं, एरव्हीं ज्या फडताळांस कोणी हात लावला नसता तीं उघडलीं गेलीं. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कुळांची नोंदवही, १९५१ चें नागरिकांचें रजिस्टर, जन्ममृत्यूच्या वह्या, शाळांचे प्रवेश-निर्गमाचे उतारे, भूमि अभिलेखांचीं पक्कीं बुकें, खरेदीखतें, तुरुंगांतील कच्च्या कैद्यांच्या वह्या, अबकारी खात्याच्या ताडीच्या नोंदी आणि वक्फाचे मुंतखब इतक्या प्रकारचे कागद पाहण्याची यादी झाली. ताडीच्या वहींत कोणाची जात सांपडेल अशी कल्पना ती वही लिहिणारास असणें शक्य नव्हतें. जिल्हा परिषदेच्या शाळांतील जुनीं रजिस्टरें या शोधांत आलीं, आणि औरंगपुऱ्यांतील वर्दळीचें एक कारण तेंच आहे. हैद्राबादेस गेलेल्या कागदांसाठीं तेलंगणाच्या सरकारशींही बोलणें करावें लागलें. राजधानी हलल्याला अडीच शतकें उलटलीं, परंतु दफ्तराच्या मागें जाण्याचा फेरा अद्याप सुटलेला नाहीं.

ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस सरकारनें जाहीर केलेल्या आंकड्यांप्रमाणें मराठवाड्यांत १ कोटी ७२ लाखांवर नोंदी तपासल्या गेल्या आणि त्यांत कुणबी असा उल्लेख असलेल्या ११,५३० नोंदी मिळाल्या. म्हणजे सुमारें दीड हजार नोंदींत एक. असा एक शब्द काढण्यासाठीं जे डोळे लागतात ते मोडीजाणकारांचे होते, आणि ते थोडे होते. शाळांतून मोडी जाऊन सत्तर वर्षें होत आलीं. सांपडलेल्या नोंदी स्कॅन करून जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर ठेवण्यांत आल्या, ही पद्धति स्तुत्य आहे. इतर मागासवर्गाच्या दाखल्यासाठीं १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वींचा पुरावा लागतो. असा पुरावा घरीं नसलेल्या कुटुंबास तो सरकारी वहींत घरबसल्या पाहतां यावा, ही पूर्वीं कल्पनेंतही नसलेली सोय आहे.

परंतु पान दिसणें आणि पान वाचतां येणें या दोन गोष्टी भिन्न आहेत. आरंभीं सांगितलेल्या गृहस्थांच्या हातीं पान होतें. त्यांच्या हातीं वही नव्हती. वहीची शिवण सोडून एकेक पान सुटें करावें, तसें येथें झालें होतें. आझाद बिलग्रामीनें जें जुळविलें तेंच येथें अजाणतां विस्कटलें गेलें. दुसरी अडचण संक्षेपांची. ‘कु.’ एवढेंच अक्षर असेल तर तें जातीचें, ‘कुमारी’ या शब्दाचें कीं दुसऱ्या कशाचें, हें त्या रकान्याचा मथळा आणि त्या लेखकाची इतर पानांवरील सवय पाहिल्यावांचून सांगतां येत नाहीं. तिसरी अडचण वंशावळीची. कागदावरील नांव आपल्याच पणजोबांचें हें सिद्ध करण्यास मधल्या पिढ्यांच्या नोंदी लागतात, आणि आडनांवें न लिहिण्याच्या काळांत एका गांवांत एकाच नांवाचे दोन गृहस्थ असणें सामान्य होतें. या तिन्ही अडचणी यंत्राच्या नाहींत. त्या वाचनाच्या आहेत, आणि वाचन हा आपला व्यवसाय आहे.

६

वरील विवेचनावरून कांहीं सूचना निघतात, त्या नम्रपणें येथें मांडतों. पहिली ही कीं, कोणतीही नोंदवही स्कॅन करतांना ती पुठ्ठ्यापासून पुठ्ठ्यापर्यंत करावी. कोरें पानही गाळूं नये, आणि प्रत्येक पानाच्या प्रतीबरोबर वहीचें नांव, गांव, पानाचा अनुक्रम, मूळ साल व त्याचें इसवी साल हीं द्यावींत. दुसरी ही कीं, मोडी किंवा उर्दू पानाखालीं देवनागरी वाचन द्यावें, ज्यानें वाचलें त्याची जबाबदारी नोंदवावी, आणि ज्या अक्षराविषयीं शंका आहे तेथें शंकेचें चिन्ह ठेवावें. निःशंकपणाचें सोंग आणलेलें वाचन हें न वाचण्यापेक्षां अधिक घातक होय. तिसरी ही कीं, प्रत झाली म्हणून मूळ कागद रद्दींत जाऊं नये. शाई, कागद, लेखणीचा दाब आणि मागाहून घातलेलें अक्षर यांची साक्ष प्रतींत उतरत नाहीं. आणि ज्या कागदास भाव येतो त्याची बनावट होते, हा आपल्या क्षेत्रांतील सर्वांत जुना अनुभव आहे. चौथी सूचना चावडीची. जी नोंद एखाद्याच्या हक्कास कारण होते ती गांवांत वाचून दाखविली जावी. सातबाऱ्यास जें लागू पडलें तें इतर नोंदींसही लागू पडेल.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. आपणांपैकीं पुष्कळांच्या घरीं कुलकर्ण्यांच्या आणि देशपांड्यांच्या दफ्तरांचे रुमाल आहेत. आजवर आपण त्यांकडे इतिहासाचीं साधनें म्हणून पाहात आलों. परंतु त्याच रुमालांत शेजारच्या गांवांतील एखाद्या कुटुंबाच्या शेताचा, घराचा किंवा मुलाच्या शिक्षणाचा प्रश्न गुंडाळलेला असूं शकतो. अशा रुमालांच्या याद्या करून त्या प्रसिद्ध कराव्या. ज्यास आपला कागद पाहावयाचा असेल त्यास तो पाहूं द्यावा. मात्र त्यांतील इतरांच्या घरगुती गोष्टी चव्हाट्यावर येऊं नयेत याचीही काळजी घ्यावी. औरंगपुऱ्यांत आलेल्या त्या गृहस्थांनीं कागद वाचून झाल्यावर एकच प्रश्न विचारला होता: हें वाचायला किती दिवसांत शिकतां येतें? रोज थोडा वेळ दिल्यास दोन-तीन महिन्यांत अक्षरओळख होते, असें त्यांस सांगितलें. त्यांनीं आपल्या मुलीस शिकावयास पाठविलें आहे. ती आतां सराईतपणें वाचूं लागली आहे, आणि तिच्या गांवांतील लोक आपले कागद घेऊन तिच्याकडे जातात.